तुझ्या कड्याची टक

सुने, टक कर ना.

एकदाच कर. मशीनला कागद लावलाय, मधे कार्बन, मागे दुसरा कागद, सगळं चापून बसवलंय. तारीख मारली, 'डिअर सर' मारलं, आणि पहिल्याच ओळीत 'इट्स' आलंय. आणि मी थांबलेय. मी! जिला तू मशीनगन म्हणायचीस ती मी, तुझी मंगल, एका 'इट्स'पाशी हात मांडीवर घेऊन बसलेय. कान कुठे आहेत माहितीये? टेबलाच्या डाव्या कडेला, जिथे तू स्टुलावर बसायचीस. तिथून टक आली की टिकली, म्हणजे 'एस'च्या आधीची ती अपॉस्ट्रॉफी, मारायची, नाही आली की नाही मारायची, एवढंच माझं इंग्रजी. आता तिथून काहीच येत नाहीये. म्हणजे इथे टिकली नाही असं समजू, की तू नाहीस असं समजू? मला फरकच कळत नाहीये गं. शांतता दोन्हीची सारखीच ऐकू येते.

म्हणून तो कागद तसाच सोडून मी शेजारच्या मराठी मशीनवर येऊन बसलेय. मराठीचं बरं असतं. 'चा', 'ची', 'चे' सरळ जाऊन नावाला चिकटतात, मधे टिकली नको काही नको. इथे मला कुठे थांबावं लागत नाही. इथे मी तुझ्याशी भांडू तरी शकते.

आधी ऐक काय चाललंय. काका टेबल काढतायत. आपलं टेबल! ह्या स्टेशनरीच्या दुकानात, झेरॉक्स मशीन आणि वह्यांचे गठ्ठे ह्यांच्या मधल्या बोळात लच्छूकाकांनी आपल्याला जी जागा दिली होती ना, तिथे एक तारखेपासून पीसीओचा काचेचा डबा येणार. सुतार मापं घेऊन गेला. तुझ्या स्टुलावर पाय देऊन चढला होता तो भिंत मोजायला, मी इतकी ओरडले की बिचारा टेपसकट खाली आला. पण काकांचं तरी काय चुकलं? तू गेल्यापासून मी आलेलं प्रत्येक इंग्रजी काम परत पाठवतेय. मशीन बिघडलंय म्हणून सांगते. आज सकाळी काका गल्ल्यावरून उठून आले, लेकीला म्हणावं तसं त्यांच्या सिंधीत 'पुट' म्हणत.

"मशीन खराब नहीं है पुट, तू खराब हो गई है."

मी मशीनवरचं कव्हर उगाच सारखं केलं.

"ये जीन्सवाले सेठ का लेटर है, दुबई की पार्टी को जाना है. श्याम तक कर दे, तो टेबल का देखते हैं. नहीं तो मी पण काय करू, सांग? जागा खाली बसून भाडा देते का?"

मग उगाच वह्यांवरची धूळ झटकत राहिले. तुला माहितीये ते, वाईट वाटलं की धूळ झटकतात.

तर हे असं आहे. संध्याकाळपर्यंत हे पत्र झालं तर टेबल राहील, नाहीतर तिथे लोक उभं राहून फोनवर ओरडणार. आणि पत्र कसलं आहे! 'इट्स' आहे, 'युअर' आहे, 'देअर' तर ओळीओळीला आहे. शेठनी हातानं लिहिलंय, टिकल्या अक्षतांसारख्या उधळल्यात, जिथे पडतील तिथे पडतील. ही असली पत्रं आली की तू नुसती बघायचीस आणि म्हणायचीस, "चला, लग्न लागलं." आणि एकेक अक्षता वेचायला बसायचीस.

मला कुणी कधी विचारलं की तुम्ही दोघी एकत्र कशा आलात, तर मी सांगायचे की सरांनी आमची सोयरीक जुळवली. टायपिंगच्या क्लासात सर कुणाला नावानं हाक मारायचेच नाहीत, गावानं मारायचे. तू सोनिवली, मी अंबरनाथ. तू दोन बोटांनी टाइप करायचीस. सर पट्टी घेऊन मागे उभे राहायचे, "काय सोनिवली, कागदावर भात लावतेस काय?" आणि तू, मान वर न करता, "सर, रोप पण दोन बोटांनीच लावतात. पण ओळ सरळ येते." सगळा क्लास हसला होता. मी सगळ्यात जोरात. मग सर माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही अंबरनाथ, शिवमंदिराच्या पायरीवर नारळ फोडताय का? बघा, कागदाची चाळण झाली." माझ्या प्रत्येक पूर्णविरामाला भोक पडलं होतं. कागद उजेडाला धरला की चांदण्या दिसायच्या. सर वैतागून म्हणाले, "तुम्हा दोघींना कापून जोडलं तर एक टायपिस्ट होईल."

आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. तू नाही नेलंस. क्लास सुटल्यावर पायऱ्यांवर मला गाठलंस. मी तुला धड ओळखतही नव्हते. म्हणालीस, "ए, जोडून बघायचं का?"

एवढंच. तेवढ्यावर आपण ह्या दुकानात आलो. तू वाचणार, मी मारणार. वकिलांचे अर्ज, सोसायट्यांची परिपत्रकं, कुणाचा बायोडाटा, कुणाची दुबईची पत्रं. तू हातातला कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचायचीस आणि माझी बोटं तुझ्या आवाजामागे पळायची. मी कागदाकडे बघायचेच नाही. मला अर्थबिर्थ कळायची गरजच नव्हती. तुझा आवाज थेट बोटात यायचा, मधे डोकं लागायचंच नाही.

आणि म्हणूनच ती गंमत झाली. सुरुवातीला तू टिकली आली की तोंडानं "टिकली" म्हणायचीस. आणि मी काय करायचे? टाइप करायचे! टी, आय, के, ए, एल, आय! वकीलसाहेबांच्या नोटिशीत 'माय क्लायंट टिकली एस प्रॉपर्टी' असं छापून गेलं असतं, तू पकडलंस म्हणून वाचलो. तू आधी कपाळावर हात मारलास, मग हसत सुटलीस, मग स्टुलावरून घसरलीस. काका धावत आले, "क्या हुआ, गिर गई क्या?" तुला बोलताच येईना. नुसतं नोटिशीकडे बोट दाखवत होतीस आणि हातातलं कडं टेबलाच्या कडेवर आपटत होतं, टक टक टक. तिथेच तुला सुचलं. म्हणालीस, "आता बोलणारच नाही. टिकली आली की टक करीन. टक तर टाइप नाही ना करत तू?"

नाही करत. टकची टिकलीच होते. बघ, आठ आकड्याच्या वर बसलेली ती एवढीशी काडी, शिफ्ट दाबून मारायची. तुझी टक आली की माझी करंगळी आपोआप शिफ्टवर जायची. मी कधी तिला सांगितलंही नाही. झोपेतसुद्धा जाईल. परवा घरी आईनं पोळपाट ओट्यावर ठेवला, टक झाली, आणि माझी करंगळी हलली. मी तिथेच खाली बसले. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी पोळपाट पुसायला घेतला.

तू किती वेळा मला खरं शिकवायला बघितलंस. किती वेळा! "मंगे, सोप्पं आहे. मनात विचारायचं, चा की आहे? 'चा' बसला तर टिकली नाही. 'आहे' बसलं तर टिकली." त्या शहापूरकडच्या माणसाचा अर्ज आठवतो? नगरपालिकेच्या साहेबांना लिहिला होता, नोकरीसाठी. खाली 'युअर ओबीडियंट सर्व्हंट' आलं. तू टक केली नाहीस, पण काकांनी त्याच वेळी स्टेपलर आपटला आणि मी टिकली मारून मोकळी. तू कागद वाचलास आणि गंभीर चेहरा करून त्या माणसाला म्हणालीस, "दादा, ह्यात असं झालंय की साहेब, तुम्ही आज्ञाधारक नोकर आहात. पाठवायचं का असंच?"

तो बिचारा घाबरला. म्हणाला, "नको ताई, मला नोकरी पाहिजे."

मी पुन्हा टाइप केलं. पण शिकले का? छे. तू होतीस ना टक करायला.

उलट मी तुझ्याशी वाद घालायचे. आठव, त्या रमेशवरून किती दिवस चाललं होतं आपलं. मी म्हटलं, "चा बसला तर टिकली नाही ना? मग रमेशचा भाऊ. त्यात चा आहे. मग 'रमेश्स'ला टिकली का?" तू म्हणालीस, ते नाव आहे, नावाची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, हा कुठला न्याय? तर तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "हे बघ. तो, ती, ते, तू, ही सगळी घरातली माणसं. घरात कोण टिकली लावून बसतं? रमेशला बाहेर जायचंय, लग्नाला, चारचौघांत. म्हणून टिकली."

"रमेश टिकली लावतो?" मी एवढ्या मोठ्यानं विचारलं की झेरॉक्सला आलेली दोन पोरं वळून बघायला लागली. काका गल्ल्यावरून, "कौन रमेश? अच्छा लडका है क्या?" आणि तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतीस. मी तुझं म्हणणं मान्य केलं नव्हतं. अजून केलेलं नाही. तो वाद माझ्याकडे आहे अजून, अर्धा, हातात धरलेला. ह्याचं मी काय करू, सांग? कुणाला देऊ?

घरात कोण टिकली लावून बसतं म्हणायचीस. आणि तुझ्या वहिनीनं तुला न्यायच्या आधी तुझ्या कपाळाला टिकली लावली. मोठी, लाल. मी दारात उभी होते. मला ओरडावंसं वाटलं की नका लावू, ती घरातली आहे, ती कुठे जात नाहीये.

मला त्या शेवटच्या दिवसाचं सांग.

तुझे डोळे पिवळे दिसत होते. मी म्हटलं डॉक्टरकडे जा, तू म्हणालीस आई बारवीकडच्या बाईचा काविळीचा पाला देतेय, उतरेल. गावात सगळ्यांची उतरते. तू वाचायला बसलीस. पालेगावच्या नव्या बिल्डिंगचं परिपत्रक होतं, पाण्याच्या वेळांचं. आवाज बारीक होता पण बरोबर चालला होता. मी मारत होते. तू 'इट्स टँक' वाचलंस, मी पुढे गेले. तू 'इट्स युअर ड्यूटी' वाचलंस, मी पुढे गेले. मग मला काहीतरी वाटलं. मी थांबले.

"सुने, टक नाही केलीस."

"नाही केली."

"का?"

"आजपासून टक बंद. तुझं तू ओळख."

"नाटकं करू नको गं, काम पडलंय."

"मी काय जन्मभर तुझ्या बाजूला बसणारे?"

"बस की! कोण ऊठ म्हणतंय?"

तू हसलीस. डोळे मिटून हसलीस. मला इतका राग आला! मी म्हटलं ठीक आहे, मला काय करायचंय, आणि सगळ्या पानावर जिथे एस दिसेल तिथे टिकली मारली. टक, टक, टक, मीच तोंडानं म्हणत होते, तुला चिडवत. 'टायमिंग्स'ला टिकली, 'फ्लॅट्स'ला टिकली, 'बिल्डिंग्स'ला टिकली. तू तो कागद बघितलास, घडी घातलीस, आणि म्हणालीस, "मंगे, घाई नको करू. थांब. विचार. मग मार."

मग म्हणालीस, बरं वाटत नाही, जाते. मी मशीनवरून मानही वर केली नाही. दुसऱ्या दिवशी येशीलच ना, तेव्हा भांडू, असं होतं माझ्या डोक्यात. नाही आलीस तर त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग तुझा भाऊ दुकानात आला आणि म्हणाला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, बोलत नाहीये. मी आले तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता, मी खाटेच्या लोखंडी कडेवर बोटानं टक टक करत होते, म्हटलं ऐकेल, म्हटलं ह्याला तरी हसेल. नर्स म्हणाली, "आवाज नका करू." शेजारच्या खाटेवरची बाई मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत होती. मी करत राहिले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, सुने. तू त्या दिवशी टक का नाही केलीस? मला शिकवायचं म्हणून, की हात उचलवत नव्हता म्हणून? मला शिकवायचं म्हणून असेल तर मग तुला कळलं होतं का, आपण जाणार? आणि हात उचलवत नव्हता म्हणून असेल, तर मी त्या हाताला काय काय चिडवलं! दोन्हीतलं एक सांग. कुठलंही सांग. मी ऐकून घेईन. पण हे मधलं मला झेपत नाही.

दहाव्याला मी नदीवर आले होते. तुझी सगळी भावकी, आणि मी एकटी बाहेरची. पिंड ठेवला. कावळा लगेच शिवत नाही म्हणतात ना, इच्छा राहिली असेल तर. मी तयारी करून आले होते. मनात पाठ केलं होतं, सुने, मी शिकेन, टेबल बंद पडू देणार नाही, तू काळजी नको करू. कावळा अडून बसला की पुढे होऊन बोलणार होते, सगळ्यांसमोर. आणि काय झालं? तुझ्या काकांनी हात मागे घेतला न घेतला तोच कावळा आला! आला, शिवला, घास घेऊन गेला. बायका म्हणाल्या, "पोर सुखानं गेली. कायच मागं नाय ठेवलं तिनं."

मला इतका संताप आला तुझा! कायच नाही? मी होते ना मागे! माझं शिकणं राहिलं होतं, रमेश राहिला होता, टेबल राहिलं होतं, आणि तू मला बोलूसुद्धा दिलं नाहीस. इतकी कसली घाई? मला म्हणायचीस घाई नको करू!

मग तुझ्या घरी आले. आई चुलीपाशी बसली होती. मला बघून नुसता हात पुढे केला. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "काकू, ती दुकानात शेवटची आली तेव्हा तिच्या हातात कडं होतं का?"

आई म्हणाली, "कुठलं गं! हात पार काटकी झालता. कडं रवतच नव्हतं. भांडी घासताना दोनदा गळून पडलं, मंग तिनाच काढून फळीवर ठेवलं. मना म्हणली, आये, ह्ये मंगलला सांगू नको, ती रडंल."

म्हणजे कडंच नव्हतं हातात. आणि मी बघितलंही नाही. मी कधी तुझ्या हाताकडे बघतच नव्हते, मी फक्त ऐकायचे.

पण घरी येताना माझ्या डोक्यात आलं. कडं नव्हतं तर बोटानं करायचीस! पेनानं करायचीस! फूटपट्टी होती समोर! टक काय कड्यानंच होते? म्हणजे तू ठरवूनच नाही केलीस ना? सांग ना. बघ, पुन्हा तिथेच आले मी.

थांब. काका हाक मारतायत. पत्राचं विचारतायत. जाऊ? सुने, जाऊ का?

जाते.

*

आले परत. बाहेर अजून ऊन आहे. ऐक काय झालं ते, सगळं सांगते, क्रमानं सांगते.

मी आधी पिशवीतून माझं कडं काढलं. आपण महाशिवरात्रीच्या जत्रेत घेतलेली ती जोडी, देवळाच्या अलीकडच्या बांगड्यांच्या टपरीवर, आठवतं ना? तो टपरीवाला म्हणत होता, "दोघी बहिणी का?" आणि तू म्हणालीस, "नाही, एकच टायपिस्ट." माझं कडं मशीनला आपटतं म्हणून मी काढून ठेवलं होतं, अजून नव्यासारखं चकचकीत आहे. तुझं एका बाजूनं झिजून चपटं झालं होतं. माझं मी हातात घातलं. मग काकांना म्हटलं, "काका, तुम्ही वाचून दाखवा. मी मारते."

"मैं? मेरे को चष्मा लागते."

"लावा मग."

ते तुझ्या स्टुलावर नाही बसले. विचारलं आधी, "बैठू इथे?" मी नको म्हटलं. उभ्याउभ्याच वाचायला लागले, वाणसामानाची यादी वाचतात तसं. आणि आलं 'इट्स'. मी थांबले. काकाही थांबले. कान सवयीनं डावीकडे गेले, तिथे काही नव्हतं. मग मी तोंडानं, मोठ्यानं म्हटलं, "चा? की आहे?"

काका म्हणाले, "चा? अभी मंगाता हूँ," आणि पोऱ्याला हाक मारली!

सुने, मी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसताना रडायला लागले आणि काका घाबरले, "क्या हुआ, चाय नहीं चाहिए? कॉफी?" मी म्हटलं, वाचा काका, वाचा. 'इट्स अ प्लेझर.' ते आहे. आहे बसतंय. टिकली. मारली. हळू मारली, भोक नाही पडलं.

मग असंच. 'युअर ऑर्डर', चा? तुमची ऑर्डर. ची बसते, टिकली नाही. प्रत्येक 'देअर'ला तर तीनदा थांबावं लागलं. तिथे, की त्यांचं, की ते आहेत? प्रत्येक वेळी मी तोंडानं म्हणायचे आणि काका प्रत्येक वेळी दाराकडे बघायचे, चहा आला का म्हणून. दोन वेळा खरंच आला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काका म्हणाले, "रुको भाई, इधर हिसाब चल रहा है." मी इतकी हळू टाइप करत होते की सरांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, काय अंबरनाथ, भात लावतेस काय? हो सर. लावतेय. ओळ सरळ आली पाहिजे.

मधेच काका वाचायचे थांबले. चष्मा काढला. म्हणाले, "पुट, एक बात बोलू? वो टक-टक होता था ना, मेरे को दोपहर में नींद उसी में आती थी. अब नहीं आती." आणि वह्यांवरची धूळ झटकायला लागले.

पत्र संपलं. सगळ्यात शेवटी 'युअर्स फेथफुली'. तिथे तर मी कधी चुकले नसते, पण तिथेही थांबले. विचारलं. मारलं.

मग तपासायचं होतं. ते तुझं काम. मी काकांना गल्ल्यावर पाठवलं आणि तुझ्या स्टुलावर जाऊन बसले. कधी बसले नव्हते गं. तिथून सगळं वेगळंच दिसतं. माझी खुर्ची दिसते, मशीनची मागची बाजू दिसते, आणि टेबलाची कड दिसते. आणि त्या कडेला एक खळगा आहे. सनमायका उडालाय, खालचं लाकूड दिसतंय, गुळगुळीत, बोट बसेल एवढा खळगा. मी रोज ह्या टेबलावर बसायचे आणि मला माहीत नव्हतं. ह्या सगळ्या टका तिथे पडल्या होत्या. सुतारानं हे टेबल भंगारात दिलं असतं.

मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागले. तुझ्यासारखं, सावकाश. टिकली आली की त्या खळग्यात कडं मारायचं. पहिल्यांदा मारलं आणि टक झाली. तीच! अगदी तीच, तशीच. गल्ल्यावर काकांनी मान वर केली. मी पुढे वाचत गेले. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी 'इट्स कलर' होतं, मी टाइप करताना टिकली मारली होती, आणि वाचताना हात वर गेला आणि तिथेच थांबला. आलाच नाही खाली. मला कुणी सांगितलं नाही. हातालाच कळलं की इथे टक नाहीये. त्याचा रंग. चा. मी रबर घेतला आणि टिकली खोडली, कार्बनवरची पण.

तेव्हा मला वाटलं की तू त्या दिवशी असंच केलंस का? हात वर गेला आणि आणला नाहीस? की गेलाच नाही वर? मला कळणार नाहीये, सुने. टिकलीचं कळलं, हे नाही कळणार.

शेठ आले, पत्र वाचलं, खिशात घातलं, पुढच्या आठवड्यात अजून देतो म्हणाले. काकांनी सुताराला निरोप पाठवला की डबा समोरच्या भिंतीला लाव, इधर जगा नहीं है. टेबल राहिलं. आपलं टेबल राहिलं! बघ, जिंकले मी. इंग्रजी मशीनवर असते तरी तीन उद्गारचिन्हं मारली असती. तिथे एका उद्गाराला तीन ठोके, टिकली, बॅकस्पेस, टिंब, आणि तू वैतागून म्हणायचीस, "जरा कमी आनंद होऊ दे गं, मशीन मोडेल." आज होऊ दे म्हणाली असतीस. म्हणाली असतीस ना?

पण ऐक आता. ते पत्र वाचताना मी तुझ्या स्टुलावर बसले होते, एकेक टक बरोबर पडत होती, आणि प्रत्येक टकीला मी समोर बघत होते. समोर खुर्ची रिकामी. मशीनपाशी कुणी नाही. टक येतेय आणि कुणाची करंगळीच हलत नाहीये. तुझी टक नसताना मी अशी बसून होते, आणि आता माझी टक आहे तर ती घ्यायला कुणी नाही. हे कसलं शिकवलंस तू मला?

मी आता परत तुझ्या स्टुलावर जाऊन बसणार आहे थोडा वेळ. काका आहेत, दुकान उघडं आहे. शेठच्या पत्राचा कच्चा कागद माझ्या हातात आहे आणि कडं हातात आहे. तू ये. माझ्या खुर्चीत बस, कागद लाव, दोन बोटांनी मार, रोप लावतेस तसं, एकेक. मी वाचते. टिकली आली की टक करते, चुकवणार नाही. तू लाग सुरू. किती का वेळ लागेना.

मी घाई करत नाही.